येतं सगळं, पण सुरूच होत नाही





तिमाही परीक्षेनंतरच्या पालक सभेत एक वाक्य आम्ही दरवर्षी ऐकतो. "डोकं चांगलं आहे हो याचं, पण करतच नाही." शिक्षक मान डोलावतात, मूल खाली पाहते आणि सभा पुढे सरकते. अलीकडे मात्र नववी ते बारावीची काही मुले-मुली स्वतःहून एक निराळा प्रश्न घेऊन येऊ लागली आहेत. त्यांनी कुठेतरी वाचलेले असते, एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो, आणि ती दबक्या आवाजात विचारतात, "मला ऑटिझम असेल का?" पालकांना हे मोबाइलचे नवे खूळ वाटते. आमच्या मते हे दोन प्रश्न पुष्कळदा एकाच मुलाविषयीचे असतात. म्हणून या अंकात दोन्हींचा एकत्र विचार करीत आहोत.

आधी असे मूल दिसते कसे, ते पाहू. संध्याकाळचे सात वाजले आहेत. वही उघडी आहे, पेन हातात आहे, प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ आहे. आठ वाजतात, पान कोरेच. आई म्हणते, "लिही ना." तो म्हणतो, "लिहितोच आहे." तो खेळत नाही, टीव्ही पाहत नाही, झोपतही नाही. आतल्या आत स्वतःलाच ओरडत असतो की, अरे लिही, आणि हात हलत नाही. हेच मूल चित्र काढायला किंवा रेडिओ खोलायला बसले की जेवणाची हाक त्याच्या कानावर जात नाही. मग घरातले म्हणतात, "आवडीचं बरं जमतं!" आंघोळीला पाठवले तर टॉवेल घेऊन अंगणात उभे राहील. दुकानातून तीन वस्तू सांगितल्या तर एक आणील. प्रोजेक्ट फाइल पूर्ण केलेली असते, दप्तरात असते, पण शिक्षकांच्या टेबलावर पोचत नाही.

आपल्या बोलीत अशा मुलासाठी शब्दांची वाण नाही. आळशी, कामचोर, वेंधळा, धांदरट. हिंदीत टालमटोल करनेवाला. यातला 'आळशी' हा शब्द आम्हाला सर्वांत चुकीचा वाटतो. आळसात एक प्रकारचे सुख असते. आळशी माणूस काम टाळून आरामात पडतो. हे मूल काम टाळून आराम करीत नाही, ते कामासमोर बसून झुरत असते. दोन तास काहीही न करता ते थकून जाते, आणि हा थकवा खरा असतो.

मग नेमके अडते कुठे?

आपल्या भागात मालगुजारी होती तेव्हाचा कारभार जुन्या मंडळींना ऐकून ठाऊक असेल. मालगुजार ठरवी, पण कोणते काम आधी, माणसे कुठे लावायची, बैल केव्हा जुंपायचे, पाऊस आला तर काय बदलायचे, हे सगळे त्याचा कारभारी पाही. मालक कितीही शहाणा असो, कारभारी जागेवर नसेल तर बियाणे कोठीत आणि नांगर गोठ्यात. आपल्या मेंदूतही इच्छा व ज्ञान वेगळे, आणि त्यांना कृतीत उतरवणारा कारभारी वेगळा. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये स्मरणाविषयी जी मांडणी केली, तिच्या मध्यभागी असाच एक कारभारी कल्पिला होता. त्याच्या कामांना आज 'कार्यकारी क्षमता' म्हणतात. काम सुरू करणे, हातातली गोष्ट मनात धरून ठेवणे, एका कामातून दुसऱ्यात जाणे, मोह आवरणे, वेळेचा अंदाज घेणे, मोठ्या कामाचे तुकडे पाडणे, ही सारी त्याचीच कामे. हा कारभार मुख्यत्वे कपाळामागच्या मेंदूवर अवलंबून असतो, आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. म्हणजे दहावीच्या कोणत्याही मुलाचा कारभारी अजून शिकाऊच असतो. काहींच्या बाबतीत मात्र तो वयाच्या मानानेही फार मागे राहतो, आणि त्याचा बुद्धीशी फारसा संबंध नसतो.

हे शेवटचे वाक्य पालकांना पटायला जड जाते, म्हणून दोन खरी उदाहरणे देतो.

अमेरिकेत १८४८ मध्ये रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना फिनियस गेज नावाच्या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या डोक्यातून सुमारे साडेतीन फूट लांब, सहा किलो वजनाची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला. बोलत होता, चालत होता. पण त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर हार्लो यांच्या नोंदीनुसार तो बेत आखी आणि आखताच सोडून देई. पुस्तकांत ही गोष्ट बहुधा इथेच संपवतात. पुढचा भाग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. गेज नंतर चिली देशात गेला आणि तिथे कित्येक वर्षे घोडागाडी हाकीत होता. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, रोज तीच कामे त्याच क्रमाने. आतला कारभारी जायबंदी झालेला माणूस बाहेरच्या शिस्तबद्ध दिनक्रमाच्या आधाराने पुन्हा उभा राहिला असावा, असे त्याच्या आयुष्याचा अभ्यास करणाऱ्यांचे मत आहे.

दुसरे उदाहरण १९९१ चे. शॅलिस आणि बर्जेस या दोन संशोधकांनी मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या तीन रुग्णांची परीक्षा घेतली. बुद्धीच्या चाचण्यांत तिघेही चांगले उतरले. मग त्यांना बाजारात पाठवले. अमुक वस्तू आणायच्या, अमुक माहिती काढायची, अमुक वेळेला अमुक ठिकाणी पोचायचे, इतकीच साधी कामे. तिथे त्यांची त्रेधा उडाली. बाकावर बसून दिलेल्या चाचणीत 'आता हे कर' असे समोरचा माणूस सांगत असतो, म्हणजे कारभाऱ्याचे काम तोच करीत असतो. बाजारात कोणी सांगत नाही. वर्गात तोंडी उत्तर पटकन देणारे मूल घरी रिकाम्या पानासमोर का अडते, याचा उलगडा आम्हाला या अभ्यासातून झाला.

आमच्या मुलांच्या डोक्याला काही इजा झालेली नसते, हे उघड आहे. पण कारभाऱ्याची अशी अडचण इजेशिवायही असू शकते, जन्मापासून. आणि इथे ऑटिझमचा विषय येतो.

नावापासूनच गोंधळ आहे. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदीतून झाले, त्यामुळे आम्ही आधी हिंदी शब्द शोधला. तिथे 'स्वलीनता' मिळाला. सरकारच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या हिंदी नावात 'स्वपरायणता' आहे. मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. तिन्ही शब्द ऐकले की डोळ्यांपुढे कोपऱ्यात बसलेले, कुणाशी न बोलणारे, झुलणारे लहान मूल येते. असे मूल असते, आणि त्याला व त्याच्या आईवडिलांना फार मदतीची गरज असते. पण ऑटिझमचे ते एकच रूप नाही. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन केले, आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी अशा मुलांविषयी लिहिले जी बोलत होती, काही विषयांत तर मोठ्यांसारखी बोलत होती, पण चारचौघांत मिसळताना अडखळत होती. बरीच वर्षे या दोन निराळ्या गोष्टी मानल्या गेल्या. २०१३ पासून अमेरिकन मनोविकार तज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने त्या एकाच छत्राखाली आणल्या. म्हणून आम्ही येथे 'ऑटिझम' हाच शब्द वापरतो. तो परका असला तरी निदान मुलावर आत्ममग्नतेचा आरोप तरी करीत नाही.

त्या पुस्तिकेनुसार निदानाला दोन पाय लागतात. एक, लोकांशी देवाणघेवाण करण्यात लहानपणापासून असलेला वेगळेपणा: बोलण्यातली पाळी न कळणे, चेहरा व सूर यांचा अर्थ न लागणे, मैत्री करणे-टिकवणे कठीण जाणे. दुसरा, पुनरावृत्ती आणि ठरावीकपणाची ओढ: एकाच विषयात बुडून जाणे, नेहमीचा क्रम मोडला की कोसळणे, आवाज, स्पर्श, वास किंवा उजेड फार टोचणे अथवा मुळीच न जाणवणे. काम सुरू न होणे, विसरणे, वेळेचा अंदाज चुकणे हे या दोन्हींपैकी कशातच येत नाही.

म्हणजे नुसते काम सुरू होत नाही एवढ्यावरून कोणी ऑटिस्टिक ठरत नाही. ही अडचण एडीएचडीत, म्हणजे लक्ष टिकत नाही व चंचलता आवरत नाही त्या स्थितीतही ठळक असते. नैराश्यात असते, चिंतेत असते, रोज पाच तास झोपणाऱ्या मुलातही असते. परंतु ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये ती फार मोठ्या प्रमाणावर आढळते, आणि १९९० च्या दशकापासून यावर सातत्याने संशोधन झाले आहे. इंग्लंडमधील संशोधकांनी २०२१ मध्ये ऑटिस्टिक प्रौढांचे अनुभव त्यांच्याच तोंडून ऐकून प्रसिद्ध केले. त्यांनी सांगितले की, करायचे असूनही आपण जागच्या जागी गोठतो, आणि एकदा सुरू झालो की थांबणेही तितकेच अवघड जाते. बाहेरून कोणी हलवले तरच ती गाठ सुटते. चित्र काढताना जेवणाची हाक न ऐकणारे आणि वहीसमोर दगड होणारे मूल एकच कसे, हे इथे समजते. घराच्या मते ती लबाडी, प्रत्यक्षात एकाच कुलपाच्या दोन बाजू. गाडीला किल्लीही लागत नाही आणि ब्रेकही.

आता आपल्या संत्र्यांच्या बागेकडे वळू, कारण याविषयी बोलताना पालक हाच दाखला देतात. आंबिया बहार घ्यायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, मग ताण तोडून पाणी दिले की झाड फुलते. "मुलांचंही तसंच आहे सर, ताण दिल्याशिवाय बहार येत नाही." आणि खरोखर, परीक्षेच्या आदल्या रात्री हे मूल भराभर सगळे करून टाकते. घरचे म्हणतात, बघा, मनात आणलं तर करतो! पण बागवानाला हेही ठाऊक असते की हलक्या जमिनीतल्या झाडाला थोडे दिवसच ताण पुरतो, भारी काळ्या जमिनीतल्या झाडाला जास्त. मोजमाप न पाहता ताण वाढवत नेला तर पाने गळतात, फांद्यांत सल पडते आणि पुढची दोन-तीन वर्षे झाड सावरत नाही. भीतीने सुरू होणारे मूल भीती असेपर्यंतच चालते. दर वेळी थोडी अधिक भीती लागते. मग एक दिवस भीतीही पुरत नाही, आणि हुशार म्हणून नावाजलेले मूल अकरावीत शाळा सोडण्याची गोष्ट करू लागते. आम्ही हा लेख लिहिण्याचे खरे कारण हेच आहे. मार्क कमी पडल्याने शाळा सुटते हे सर्वांना दिसते. 'आपण वाईट आहोत' असे वर्षानुवर्षे वाटून शाळा सुटते ते अंकसूचीत दिसत नाही.

आता त्या दबक्या आवाजातल्या प्रश्नाकडे येऊ.

"मला ऑटिझम असेल का?" असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही 'हो' म्हणत नाही आणि 'छे छे' असेही म्हणत नाही. ते ठरवणे शाळेचे काम नव्हे, व्हिडिओचेही नव्हे. परंतु प्रश्न विचारणे ही चूक नाही. इतकी वर्षे 'आळशी' हेच एक उत्तर मिळालेल्या मुलाने दुसरे उत्तर शोधावे, यात खूळ कसले?

त्याला आम्ही काही गोष्टी आठवायला सांगतो. हे कधीपासून आहे? सातवीपर्यंत सर्व ठीक होते आणि आठवीत अचानक बिनसले, तर आधी झोप, तब्येत, घरातले दुःख, कोणाचा त्रास, मनाची उदासी पाहिली पाहिजे. लहानपणापासून असेल तर पाचव्या-सहाव्या वर्षीच्या आठवणी आजी-आईकडून काढाव्यात. मूल लग्नात बँड वाजला की कान झाकून पळत होते का? एकाच पद्धतीचा सदरा, एकाच ताटात जेवण, असा हट्ट होता का? इतर मुले खेळत असताना ते नियम समजावीत बसायचे का? आणखी एक. अडचण लहानपणापासून असली तरी ती दिसू लागायला नववी उजाडू शकते. लहान वर्गात आई दप्तर भरते, बाई फळ्यावर सगळे लिहून देतात; म्हणजे कारभारी दुसऱ्यांचे असतात. नववीत ते अचानक काढून घेतले जातात.

मुलींच्या बाबतीत हे अधिकच झाकले जाते. शांत, मागच्या बाकावरची, इतरांचे पाहून हसणारी, मैत्रिणीची नक्कल करून निभावणारी मुलगी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. ती घरी गेल्यावर दार लावून का रडते, हे आईलाही उमजत नाही. दिवसभर उसना चेहरा लावून बसण्याची मजुरी जबर असते.

पालकांपैकी काहींना वाचता वाचता वाटेल, हे तर माझेच वर्णन. ऑटिझम आणि एडीएचडी दोन्हींमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि मुलाची तपासणी चालू असताना आई किंवा वडिलांना स्वतःचा उलगडा होणे ही जगभर आढळणारी गोष्ट आहे. आपल्या बोरगावच्या कारखान्यांत पाळीवर एक मिनिटही उशीर न करणारा माणूस घरी विजेचे बिल सहा महिने भरत नाही, कोऱ्या अर्जाचा कागद खिशात घेऊन फिरतो. पाळीला भोंगा असतो, सोबती असतात, यंत्र समोर असते. घरी भोंगा नाही. अशा माणसाला बायको 'बेजबाबदार' म्हणते आणि त्यालाही ते खरे वाटते. प्रौढांच्या निदानाची सोय आपल्याकडे अजून तुटपुंजी आहे, आणि चाळिशीतल्या माणसाने ते करून घ्यावेच असा आमचा आग्रह नाही. प्रश्न मनात उघडा ठेवूनही जगता येते, आणि या लेखात पुढे सांगितलेले उपाय निदानाच्या कागदावाचूनही चालतात.

भाषेविषयी एक गोष्ट विशेष जोर देऊन सांगायची आहे, कारण ती आपल्या समाजाची आहे. आपण घरी मराठी बोलतो, शाळेत व कचेरीत हिंदी, आणि वर इंग्रजी. मूल बोलण्यात मागे पडले की कोणीतरी सल्ला देतो, "घरी मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा." कॅनडात आणि इंग्लंडमध्ये दोन भाषांत वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांचे जे अभ्यास झाले, त्यांत दोन भाषांमुळे अशा मुलांचे नुकसान झाल्याचे दिसले नाही. आजीशी बोलण्याची भाषा काढून घेतली तर मात्र नुकसान नक्की होते. ज्याला आधीच माणसे जोडणे जड जाते त्याची घरातली माणसेही तुटतात. तपासणीच्या वेळी मूल कोणत्या भाषेत मोकळे बोलते ते डॉक्टरांना जरूर सांगावे. मराठीत विचार करणाऱ्या मुलाला हिंदीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उशिरा आले, तर ते लक्षण नव्हे.

जायचे कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत ऑटिझम, एडीएचडी आणि शिकण्यातल्या अडचणींचाही समावेश आहे, आणि पुढच्या मदतीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. नागपूर आपल्याला जवळ. तिथल्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ज्याला सगळे 'मेडिकल' म्हणतात, आणि एम्समध्ये बालरोग व मनोविकार हे दोन्ही विभाग आहेत. प्रवास जमत नसेल आणि नुसते बोलायचे असेल तर सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे. हिंदीत व मराठीतही बोलता येते. डॉक्टरांकडे जाताना मुलाच्या जुन्या वह्या, पहिलीपासूनची प्रगतिपत्रके आणि आईने आठवून लिहिलेले एक पान न्यावे. त्या एका पानाने तपासणीचा अर्धा वेळ वाचतो.

भारतात प्रमाणपत्रासाठी बरीच वर्षे सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली भारतीय मोजपट्टी वापरली गेली आहे. तिच्यात चाळीस बाबी असून प्रत्येकीला एक ते पाच गुण देतात. वागण्यातून उघड दिसणाऱ्या खुणा ती चांगल्या टिपते. निभावून नेणाऱ्या हुशार मुलीचे गुण तिच्यात कमी भरण्याचा संभव आहे, असे आमचे मत. म्हणून प्रमाणपत्र मिळाले नाही म्हणजे अडचणच नव्हती, असा अर्थ काढू नये. तपासणी नागपूरला केली तरी प्रमाणपत्राचे काम साधारणपणे राहत्या जिल्ह्यातून होते. ऑक्टोबर २०२३ पासून आपला जिल्हा पांढुर्णा आहे आणि कित्येकांच्या कागदांवर अजून छिंदवाडाच लिहिलेले आहे. अर्ज भरताना तेवढे पाहून घ्यावे आणि आधार, समग्र आयडी जवळ ठेवावे.

उपचाराच्या नावाने फसवणूकही चालते. ऑटिझम 'बरा' करणारे औषध नाही. मूलपेशी टोचून ऑटिझम घालवतो म्हणणाऱ्या जाहिराती अनेकांनी पाहिल्या असतील. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच अशा उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले आहे. शेत गहाण ठेवून असले काही करू नये. एडीएचडीसाठी मात्र उपयोगी औषधे आहेत, आणि ती डॉक्टरांनी दिली तर घाबरू नये.

आता आम्ही शाळेत काय करीत आहोत ते. गेज यांची घोडागाडी आठवावी. आतला कारभारी कच्चा असेल तर बाहेर एक उभा करायचा, एवढाच विचार आहे. गृहपाठ तोंडी सांगणे बंद केले. तो फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज एकाच जागी लिहिला जातो आणि घंटेआधी उतरवायला तीन मिनिटे मिळतात. प्रोजेक्ट फाइल 'महिन्याने आणा' असे न सांगता दर सोमवारी एक तुकडा शाळेतच पाहिला जातो. ज्याचे लिहिणे सुरूच होत नाही त्याच्याजवळ शिक्षक जाऊन पहिली ओळ त्याच्याकडून तोंडी घेतात आणि म्हणतात, "हीच लिही." कित्येकदा तेवढेच पुरते, पहिली ओळ पडली की पुढचे पान आपोआप भरते. विषय बदलण्याआधी पाच मिनिटे सूचना दिली जाते. 'वेंधळा', 'झोपाळू' अशी नावे वर्गात घ्यायची नाहीत, कारण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे.

घरी याहून साधे काही चालते. आईने स्वतःचे काम, भाजी निवडणे का असेना, घेऊन मुलाशेजारी बसावे. बोलू नये, तपासू नये, फक्त असावे. शेजारी माणूस असला की गोठलेला हात पुष्कळदा हलतो. 'अभ्यास कर' हा हुकूम फार मोठा आहे. 'गणिताची वही काढ' हा त्याच्या आवाक्यातला. सकाळची कामे चित्रांनी किंवा शब्दांनी भिंतीवर लावावीत आणि त्यांचा क्रम पाहुणे आले तरी मोडू नये. जी वस्तू रोज हरवते तिच्यासाठी एक खिळा ठोकावा. एक उपाय चालेनासा झाला की दुसरा शोधावा. यातला कोणताच कायम चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

विश्वस्त मंडळींपैकी काहींनी रास्त शंका विचारली आहे की, अशा सवलतींचा गैरफायदा घेतला जाणार नाही का? वर लिहिलेल्या गोष्टींपैकी कोणत्याही गोष्टीने कुणाला फुकटचे मार्क मिळत नाहीत, आणि फळ्यावर नीट लिहिलेला गृहपाठ साऱ्या वर्गालाच उपयोगी पडतो. परीक्षेतला जादा वेळ हा निराळा विषय. तो प्रमाणपत्राशिवाय मिळत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्या परीक्षार्थीला तासामागे किमान वीस मिनिटे जादा देण्याचे म्हटले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आणि विशिष्ट शिक्षण-अक्षमता धरून एकवीस प्रकार आहेत, आणि सरकारमान्य शाळांनी योग्य ती सोय करून द्यावी असे त्यात बंधन आहे. म्हणजे हा आमचा उदारपणा नव्हे. नागपूरकडचे नातेवाईक सांगतात ते खरे आहे. महाराष्ट्राने शिक्षण-अक्षमता असलेल्या मुलांना १९९६ पासून परीक्षेत सवलती दिल्या, आणि २००७ च्या 'तारे जमीन पर' नंतर तो विषय घरोघरी पोचला. आपले बोर्ड वेगळे, त्यामुळे तिकडचा नियम इकडे जसाच्या तसा लागू होत नाही. दहावीचे कागद दहावीत करू म्हणणे धोक्याचे. ते नववीतच सुरू करावेत.

संख्येविषयीही विचारले गेले. देशातल्या पाच ठिकाणी, ज्यांत आपल्या मराठी मुलखालगतचा उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ऐकणे, दिसणे, मिरगी, बोलणे, ऑटिझम, एडीएचडी, शिकण्यातल्या अडचणी अशा नऊ प्रकारांपैकी किमान एक अडचण सुमारे आठातल्या एका मुलात आढळली. ही मुले शाळेत येणार आहेत असे नाही. ती आलेलीच आहेत, आपल्याच बाकांवर बसली आहेत.

या विषयावर आमच्याशी एकट्याने बोलू इच्छिणाऱ्या पालकांनी कोणत्याही शनिवारी मधल्या सुटीनंतर यावे. आधी निरोप देण्याची गरज नाही. विद्यार्थ्यांना बोलणे जड जात असेल तर वहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहून ते पान आमच्या टेबलावरच्या पेटीत टाकावे. नाव लिहिले नाही तरी चालेल, वर्ग मात्र लिहावा, म्हणजे त्या वर्गाच्या शिक्षकांशी कोणाचेही नाव न घेता बोलता येईल. आणि ते पान लिहायलाच सुरुवात होत नसेल, तर नुसते कोरे पान टाकले तरी आम्हाला कळेल.